आमची वाटचाल : शहाबादी ते कोटा, स्वयंपाकघरातल्या फरशीची कामं

आमच्या फर्मची सुरुवात शहाबादी फरशीने झाली. पुण्यातले वाडे, पुढे मोझॅकच्या फरशीचे फ्लॅट, आणि आता बहुतेक कामं नूतनीकरणाची : वापरातलं स्वयंपाकघर उकरायचं आणि तिथे दगड बसवायचा. सर्वांत जास्त मागणी कोटा दगडाला आहे. दगड कुठलाही असो, फरशी टिकते ती तिच्याखालच्या मालावर, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणावर, आणि कामाच्या क्रमावर. आमची कामाची पद्धत याच दोन गोष्टींभोवती घडत गेली.

दगड ठरवताना आम्ही आधी स्वयंपाकाबद्दल विचारतो. शहाबाद, तांडूर आणि कोटा हे तिन्ही चुनखडक. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ यांतलं आम्ल चुनखडकाला खातं. आगळ सांडून रात्रभर राहिलं, की सकाळी दिसतो तो नुसता डाग नसतो, तिथलं पॉलिशच गेलेलं असतं. पुसून ते येत नाही, तेवढा भाग पुन्हा घासावा लागतो. ग्रॅनाइटला हा त्रास नाही, पण आरशासारखा चकचकीत ग्रॅनाइट ओला झाला की पाय घसरतो. सिंकसमोर तो लावायचाच तर लेदर फिनिशचा, म्हणजे किंचित खडबडीत पृष्ठभागाचा, लावावा. शहाबादीचे ओलीत पापुद्रे निघतात, त्यामुळे मोरीजवळ आम्ही ती सुचवत नाही.

क्रम असा : आधी तोडफोड आणि राडारोडा, मग नळाच्या व ड्रेनेजच्या लाइन आणि त्यांची दाब देऊन तपासणी, वॉटरप्रूफिंग, फरशी, त्यानंतर ओटा आणि भिंतीच्या टाइल्स, मग पॉलिश आणि सगळ्यात शेवटी ट्रॉल्या. ओटा आधी उभा केला तर कडप्प्याच्या प्रत्येक उभ्या फळीभोवती फरशी कापत बसावं लागतं आणि सांधे तिथेच उघडतात. ट्रॉल्या आधी बसवल्या तर पॉलिशचं गढूळ पाणी त्यांच्या प्लायवूडमध्ये मुरतं.

‘जुन्या फरशीवरच बसवा’ असा आग्रह अनेकदा होतो. २० मिमी दगड आणि ३० मिमी माल म्हणजे जमीन दोन इंच वर. ओटा दोन इंच बुटका होतो, दार खालून कापावं लागतं आणि स्लॅबवर दर चौरस मीटरला साधारण ११५ किलो वजन वाढतं. अशा वेळी अॅडेसिव्ह, म्हणजे फरशी चिकटवायचा तयार मसाला, पातळ थरात लावणं हा चांगला मार्ग आहे, पण जुनी फरशी कुठेही बद्द (पोकळ) वाजता कामा नये आणि तिचं पॉलिश टाचून खरखरीत केलेलं हवं. पाच-सहा मिमी थराला २० किलोची गोणी २५ ते ३० चौरस फुटांना पुरते. फिकट दगडाला अॅडेसिव्ह पांढरंच घ्यावं, करड्याची सावली वर दिसते.

मालावर बसवायची असेल तर १० बाय ८ फुटांच्या स्वयंपाकघराचा हिशोब सांगतो. १:४ माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), सरासरी ३० मिमी जाडी : सिमेंट अडीच गोण्या, त्यात स्लरीचं (दगडाखाली ओतायच्या सिमेंट-पाण्याच्या पातळ घोळाचं) आलं, वाळू आठ-नऊ घनफूट. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) धुतलेली हवी. भुकटी जास्त असली की माल आकसतो आणि दगड सुटतो. दगड कापाकापीसकट ८८ चौरस फूट मागवावा.

माल मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. ठिय्ये (पातळीच्या खुणा) लावून, दोरी बांधून माल पसरायचा आणि मोरीकडे मीटरला एक सेंटिमीटर ढाळ द्यायचा. दगडाची पाठ धुऊन घ्यायची, कारण तिच्यावर कापतानाची भुकटी बसलेली असते आणि तिच्यामुळे सिमेंट धरत नाही. दगड आधी कोरडाच ठेवून रबरी हातोड्याने ठोकायचा आणि परत उचलायचा. मालावर त्याचा ठसा पूर्ण उमटला पाहिजे. जिथे ठसा नाही तिथे माल भरायचा, मगच स्लरी ओतून दगड कायमचा बसवायचा. स्लरीला दर चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास सिमेंट लागतं. घाईत फक्त चार कोपऱ्यांना स्लरी टाकली जाते आणि मधे पोकळी राहते. भरलेला सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा असतो. तो अशा दगडावर आपटला की तडा मधोमध जातो.

ट्रॅपसाठी (सांडपाण्याच्या जाळीसाठी) किंवा खांबाशी दगड एल आकारात कापताना आतल्या कोपऱ्यात आधी गोल भोक पाडावं. चौकोनी कोपऱ्यातून चीर हमखास पुढे धावते. अरुंद तुकडा असेल तर सरळ दोन भाग करून सांधा घ्यावा.

सांधे दोन मिमी ठेवून त्यांत दगडाच्या रंगाचं ग्राउट (सांधे भरायचा मसाला) भरतो. सिंकसमोरच्या पट्ट्यात इपॉक्सी (रेझिनचं) ग्राउट घ्यावं, तिथले खर्च केलेले पैसे वसूल होतात. सात दिवस रोज पाणी मारायचं आणि पॉलिशचं मशीन त्यानंतरच आणायचं, कारण कच्च्या मालावर मशीनच्या हादऱ्याने दगड सुटतात. सीलरला, म्हणजे दगडाला डाग-पाण्यापासून वाचवणाऱ्या द्रवाला, आणखी तीन-चार आठवडे थांबावं. ओल आत असताना वरून बंद केलं तर क्षार पांढरे फुटून येतात. सीलर दगडात जिरणारं हवं. वर थर धरणारं सिंकसमोर सोलून निघतं.

पुसायला साधं सौम्य साबणाचं पाणी पुरे. बाथरूमचं अॅसिड या फरशीवर कधीच नको, सिलिंडरच्या कड्याचा गंज काढायलासुद्धा नाही. सिलिंडरखाली प्लॅस्टिकची ट्रॉली ठेवली की गंज लागतच नाही. आणि त्याच गाडीतले तीन-चार दगड माळ्यावर जपून ठेवा. खाणीतला थर बदलला की कोट्याचा हिरवा-निळा रंगही बदलतो, पुढे एखादा दगड बदलायची वेळ आली तर तसाच मिळत नाही.