दिवंगत अध्यक्षांची पोच

अमेरिकेतील मॅकआर्थर फाउंडेशन या निधी देणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये ‘हंड्रेड अँड चेंज’ ही स्पर्धा सुरू केली आणि एकाच प्रकल्पाला 10 कोटी डॉलर देऊ केले. त्या पहिल्या फेरीत 7069 जणांनी नोंदणी केली, प्रत्यक्ष प्रस्ताव 1904 आले आणि प्राथमिक प्रशासकीय छाननीतून केवळ 801 पुढे गेले. हे आकडे मी फार उशिरा वाचले. आधी वाचले असते, तर प्रस्तावाच्या भाषेवर घालवलेले दोन महिने मी आमच्या संस्थेच्या कपाटातील फायलींवर घालवले असते.

आम्ही उतरलो ती स्पर्धा याच धाटणीची, परंतु रकमेने पुष्कळ लहान होती. आमची संस्था बीड जिल्ह्यातील. दिवाळीच्या सुमारास आईवडील उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, तेव्हा मुलांनी गावातच राहून शिकावे, हा आमचा प्रस्ताव होता. तो लिहिणे त्या मानाने सोपे गेले. फक्त नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, हे मर्यादित इंग्रजी शब्दांत समजावताना एक अख्खी दुपार गेली.

अडलो ते विश्वस्तांच्या यादीवर. आमच्या अध्यक्षांचे निधन होऊन वर्ष उलटले होते, नव्या अध्यक्षांची निवडही झाली होती, परंतु विश्वस्त संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर जुनेच नाव होते आणि स्पर्धेला सध्याच्या मंडळाचा अधिकृत पुरावा हवा होता. कायद्यानुसार असा बदल 90 दिवसांत कळवावा लागतो. आम्ही तो कळवला नव्हता, दोष आमचाच. विलंबमाफीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, सभेचा ठराव, नव्या विश्वस्तांचे संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र असा संच घेऊन मी त्या धर्मादाय कार्यालयात गेलो. लिपिकांनी सभेच्या नोटिशीची पोच तपासली आणि सात विश्वस्तांपैकी सहांच्याच सह्या असल्याचे दाखवून दिले. सातवी सही अध्यक्षांची हवी होती. ‘ते वारले म्हणूनच ही सभा घेतली होती,’ असे मी म्हणालो. त्यांनी शांतपणे सांगितले, ‘मग तसे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या.’ मी लिहून दिले. पुढच्या खेपेस ठरावाच्या प्रतीवर सूचक आणि अनुमोदक यांची नावे आहेत, सह्या नाहीत, असे निघाले. त्याच्या पुढच्या खेपेस इतिवृत्ताची मूळ वही मागितली गेली. वही घेऊन गेलो, तर टेबलावर नवे लिपिक बसलेले होते आणि त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून, म्हणजे त्या सातव्या सहीपासून, सुरुवात केली. माझा आवाज त्या दिवशी चढला, याची आज लाज वाटते. परंतु पाच खेपांची एसटी, उन्हाळा आणि सरकत जवळ येणारी अंतिम तारीख हे सगळे त्या आवाजात होते. अखेर अर्ज दाखल झाल्याची पोच मिळाली. उतारा मात्र स्पर्धेचा निकाल लागून तीन आठवडे झाल्यावर हातात पडला. आमची निवड झाली नव्हती.

तेव्हा स्पर्धेची जाहिरात निघण्याची वाट पाहू नये. आजच उतारा काढून त्यावरचे प्रत्येक नाव वाचावे.

दुसरी गोष्ट भागीदारीची. परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि पैसा येण्याचे खाते नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत असावे लागते. आम्ही प्रमुख आणि दोन लहान संस्था सोबत, अशी आमची मांडणी होती; ती मोडून अंदाजपत्रक नव्याने करावे लागले. त्यात चार रात्री गेल्या, आणि हेही आधी विचारले असते तर वाचले असते.

एक सांगायचे राहिले. अंतिम वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे, ते नीट पाहावे. आमची वेळ सायंकाळी पाचची, परंतु शिकागोची होती आणि उन्हाळ्यात ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. आपले पाच वाजून गेले तेव्हा सगळे संपले असे समजून मी डोक्याला हात लावून बसलो होतो; त्या उरलेल्या तासांतच दाखल अर्जाची पोच स्कॅन करून जोडता आली.