अगं बाई, खून!

परवा दुपारी दूध उतू गेलं. मी गॅसशेजारीच उभी होते, पण डोळे मोबाईलमधे, आणि फस्स झालं तसं तोंडातून निघालं "अगं बाई!" तर आतल्या खोलीतून अहोंचा आवाज, "कुणाचा खून झाला?"

गेल्या रविवारपासून आमच्याकडे हेच चाललंय.

झालं असं की बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला, एका हौशी संस्थेला विनोदी रहस्यमय नाटकासाठी कलाकार हवेत, वय १८ ते ६०, अनुभवाची अट नाही. आता सांगलीत राहून नाटकात कधी काम केलं नाही म्हणणं म्हणजे कोल्हापुरात राहून तिखट चालत नाही म्हणण्यासारखं आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवराचा खेळ केला, मराठीतलं पहिलं नाटक म्हणतात ते, तो इथंच, ५ नोव्हेंबरला दरवर्षी रंगभूमी दिन असतो, गावात दर तिसऱ्या घरात कुणीतरी तोंडाला रंग लावलेला असतोच. आमच्या घरात कुणी नाही. माझं आजवरचं एकमेव काम म्हणजे चौथीच्या गॅदरिंगमधे पडदा ओढणे, आणि तोही अर्ध्यात अडकला होता. म्हणलं जाऊन तर बघू, साठीला अजून आठ वर्षं आहेत.

ऑडिशन एका शाळेच्या हॉलमधे. मला वाटलं दहाबारा जण असतील, तर तिथं चाळीसेक माणसं कागद हातात घेऊन भिंतीशी पुटपुटत उभी, त्यातल्या निम्म्यांना एकमेकांची जुनी पारितोषिकं पाठ. दिग्दर्शक म्हणजे सव्वीस सत्तावीस वर्षांचा मुलगा, दाढी, खांद्याला झोळी, आधी "मॅडम" म्हणाला, फॉर्मवरचं वय वाचल्यावर "काकू" झालं. कागदावर प्रसंग असा की वाड्याच्या मालकाचा रात्री खून झालाय आणि सकाळी स्वयंपाकाच्या बाई चहा घेऊन खोलीत येतात. (हे मला कळत नाही, प्रेत कायम चहावालीलाच का सापडतं, चहा काय फक्त आम्हीच पितो का.) तर ट्रे हातात घेऊन यायचं, बघायचं, ट्रे टाकायचा आणि किंकाळी फोडायची. बस्स, एवढंच.

प्रेत म्हणून दोन बाक जोडून एका पोराला झोपवलं होतं, बहुतेक बॅकस्टेजचा असावा. मी ट्रे घेऊन आले. पोराच्या उजव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आलेला, आणि तो अंगठा हलत होता, म्हणजे त्याला झोपल्या झोपल्या कसलंतरी गाणं आठवत असणार, अगदी तालात. मी त्या अंगठ्याकडेच बघत राहिले. मग आठवलं की ओरडायचंय. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं तर "अगं बाई!" ते पण हळू. दूध गेल्यावर म्हणतात तसं. आणि ट्रे टाकायचा सोडून मी तो नीट शेजारच्या बाकावर ठेवला.

हॉल हसला. प्रेतसुद्धा हसलं.

"काकू, प्रेत आहे की हो ते," दिग्दर्शक म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "घरी जरा किंकाळीची प्रॅक्टिस करा आणि बुधवारी परत या."

आता फ्लॅटमधे किंकाळीची प्रॅक्टिस कुठं करायची ते सांगा. मी आपली युक्ती काढली, कुकरची शिट्टी झाली की त्यात आपला आवाज मिसळायचा. पहिल्या शिट्टीला घसा नुसता खाकरला, दुसरीला थोडं काहीतरी आलं, तिसरीला मी डोळे मिटून जोर लावला आणि दारावरची बेल वाजली. शेजारच्या काकू. "तुमचा मिक्सर बिघडलाय का गं?"

खरंतर लहानपणी माझ्या किंकाळीला वाड्यात नाव होतं. बाबा वाचनालयातून रहस्यकथा आणायचे आणि रात्री जेवणं झाली की मोठ्यानं वाचायचे, आई भांडी लावता लावता ऐकायची, शेजारचे दोघं तिघं उंबऱ्यात. एकदा ऐन खुनाच्या वेळी लाईट गेले आणि माळ्यावरून मांजर थेट माझ्या मांडीवर. मी अशी ओरडले की समोरचे बिऱ्हाडकरू काठी घेऊन धावत आले आणि अंधारात आमच्याच बाबांना बसणार होती ती. त्या पुस्तकांचं एक दुखणं होतं, आधी वाचून गेलेला कुणीतरी महाभाग पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचा, खुनी माळी आहे. बाबा अंगठ्यानं ती ओळ झाकून वाचायला सुरुवात करायचे, आम्हाला दिसू नये म्हणून, स्वतःला मात्र शेवटपर्यंत माहीत. लंडनला माउसट्रॅप नाटक १९५२ पासून चालू आहे, मधला करोनाचा खंड सोडला तर, आणि तिथं म्हणे प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आमच्या पेन्सिलवाल्याला तिथं दारातच अडवला असता. आपल्याकडे तर नाटकातल्या खुनालाही आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे खुनी कोण ते सरकारला आमच्या आधी कळणार, मला अजून दिग्दर्शकानं सांगितलेलं नाही.

तर ती किंकाळी कधी गेली हे मी दोन दिवस आठवतेय. लग्नात होती का? झुरळाला मी ओरडत नाही, चप्पल घेते. पोरगा सायकलवरून पडून कपाळ फुटलं तेव्हा पण "अगं बाई" म्हणून हळद शोधली होती.

२०१९ च्या ऑगस्टमधे आम्ही गावभागात राहायचो, तळमजल्यावर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्यावेळी पाणी ५७ च्या वर गेलं. रात्री मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात पाय टाकला तर पाऊल गार पडलं. लाईट नव्हते. मोबाईलचा उजेड टाकला तर कणकेचा डबा दारातून तरंगत माझ्याकडे येत होता, अगदी हळूहळू, झाकण लावलेला. तेव्हाही मी एवढंच म्हणाले, अगं बाई. अहोंना हलवून उठवलं, कागदपत्रांची पिशवी घेतली, सासूबाईंच्या गोळ्या घेतल्या, वर गच्चीवर गेलो. सगळा बोळ गच्चीवर होता आणि कुणीच ओरडत नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज आणि लांबवर एक म्हैस.

पाणी उतरल्यावर बाबांची थोडीफार पुस्तकं उन्हात वाळत घातली होती. शाईची सही पार पसरली होती. पेन्सिलीचं जिथं जिथं होतं ते तसंच.

असो. उद्या बुधवार. अहो म्हणतात किंकाळी नाहीच जमली तर सरळ प्रेताचं काम मागून घे, पाठांतर नाही की काही नाही. मागेन पण, त्यात काय. मोजे मात्र नवीन घ्यावे लागतील.