मार्चिंग बँड, ड्रग टेस्ट आणि खसखस : माझा अनुभव

ज्यांची मुलं अमेरिकेत हायस्कूलला आहेत आणि शाळेच्या बँडमध्ये, डिबेटमध्ये किंवा टेनिसच्या टीममध्ये आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यातही ज्यांच्याकडे दिवाळीला सासूबाई किंवा आई येऊन अनारसे करतात, त्यांनी तर वाचाच. हसू नका.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक अकरावीला, मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे मैदानावर चालत रचना करत वाजवणाऱ्या शाळेच्या वाद्यपथकात, क्लॅरिनेट वाजवते. ऑगस्टमध्ये बँड कॅम्पच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक संमतिपत्र येतं. खेळ, क्लब, बँड, नाटक यांत असलेल्या आणि शाळेत गाडी लावायचा परवाना घेतलेल्या मुलांमधून कॉम्प्युटर वर्षभर अधूनमधून काही नावं काढणार आणि त्यांच्या लघवीची तपासणी होणार, असं त्यात असतं. आई-वडील आणि मूल, दोघांची सही लागते. सही नाही तर बँड नाही. सही केली. सगळेच करतात.

हे असं करता येतं का, असं मला दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सांगते. करता येतं. 1995 मध्ये ओरेगनमधल्या व्हर्नोनियाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या चाचणीला मान्यता दिली. 2002 मध्ये ओक्लाहोमातल्या टेकमसे गावच्या खटल्यात तीच मुभा 5 विरुद्ध 4 मतांनी इतर उपक्रमांनाही मिळाली. तिथली तक्रारदार मुलगी, लिंडसे अर्ल्स, शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, गायची आणि मार्चिंग बँडमध्ये होती. विरोधातलं निकालपत्र न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं. बेफाम सुटलेली गुरंढोरं आणि एकमेकांवर आदळणारे ट्यूबा (बँडमधली अवाढव्य पितळी वाद्यं) टेकमसेची शांतता भंग करतील अशी भीती होती की काय, अशी टवाळी त्यांनी त्यात केली आहे. बँडवाल्या पालकांनी ते जरूर वाचावं, त्यावर घरी आम्ही अजून हसतो. आमच्या राज्यात 2003 मध्ये हंटरडन सेंट्रल शाळेच्या खटल्यात 4 विरुद्ध 3 असा शाळेच्या बाजूने निकाल लागला आणि 2005 मध्ये कायदाही झाला. म्हणजे इथे वकिलाची धमकी देऊन उपयोग नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये शाळेला सांगितलं, आधी गरज दाखवा. वॉशिंग्टन राज्यात 2008 पासून अशी सरसकट चाचणी राज्यघटनेत बसतच नाही. तेव्हा आपलं राज्य कोणतं ते बघून भांडा.

प्रत्यक्ष चाचणीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वर्गातून बोलावणं, नर्सच्या खोलीशेजारचं बाथरूम, कमोडमध्ये निळं पाणी, बाहेर उभी असलेली बाई, कपावर तापमानाची पट्टी. लेक पुढच्या तासाला वर्गात परत.

हो, एक राहिलंच. पटकन व्हावी म्हणून मुलं आधी बाटल्याच्या बाटल्या पाणी पितात. पिऊ देऊ नका. लघवीतलं क्रिएटिनिन (लघवी किती पातळ आहे ते ज्यावरून कळतं तो घटक) डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की नमुना ‘डायल्यूट’, म्हणजे फार पातळ, म्हणून परत येतो आणि मग उगाच संशयाने बघतात.

पुढचं सगळं दिवाळीनंतरच्या आठवड्यातलं. माझ्या फोनवर व्हॉइसमेल : ‘तुमच्या पाल्यासंबंधी डॉक्टरांच्या ऑफिसमधून बोलतोय, या नंबरवर लगेच संपर्क करा.’ कसलं ऑफिस, कोण डॉक्टर, काही नाही. पहिला विचार अपघाताचाच येतो. मुलगी तर समोर बसून टोस्ट खात होती.

फोन लावला. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, तुम्ही कंपनीचे मालक असाल तर एक दाबा, ड्रायव्हर असाल तर दोन, नमुना गोळा करणाऱ्या केंद्रातून बोलत असाल तर तीन. आई असाल तर काय दाबायचं ते कुठेच नव्हतं. शाळेने ज्या कंत्राटदार कंपनीला काम दिलंय तिचा मुख्य धंदा ट्रक ड्रायव्हर आणि गोदामातले कामगार तपासण्याचा, शाळा हा जोडधंदा. मी ड्रायव्हर झाले. संगीत. मग एका बाईंनी एम्प्लॉयी नंबर विचारला. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि क्लॅरिनेट वाजवते, असं म्हटल्यावर त्यांनी पुन्हा संगीत लावलं आणि फोन कट झाला.

हे पुन्हा पुन्हा झालं. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, गाडीत बसून, एकदा तर कॉस्टकोच्या रांगेत. शेवटी एवढं कळलं की लेकीचा निकाल ‘नॉन-निगेटिव्ह’ आहे, म्हणजे नमुन्यात काहीतरी सापडलंय, मॉर्फिन, आणि एम.आर.ओ. म्हणजे मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, निकाल तपासणारे डॉक्टर, आमच्याशी बोलल्याशिवाय तो पक्का होणार नाही. एम.आर.ओ. कधी बोलतील? ते फोन करतील. कधी? ते सांगता येत नाही. आणि फोन चुकला तर? तर त्यांच्या मुदतीनंतर निकाल आहे तसा शाळेला जाईल.

नियमाप्रमाणे तोवर शाळेला काही कळायला नको. पण शाळेला दिसणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर लेकीच्या नावापुढे ‘पेंडिंग’ उमटलं होतं, आणि पेंडिंग असलेलं मूल शनिवारच्या स्पर्धेत मैदानावर उतरत नाही. सव्वाशे मुलांच्या रचनेत एक जागा रिकामी राहिली की ती कोणाची हे सगळ्या बँडला कळतं. त्या शनिवारी ती घरीच थांबली आणि खोलीचं दार लावून बसली. मला राग आला तो या गोष्टीचा. बाकीचं मी विसरेन.

खसखशीचं डोक्यात कसं आलं? नवऱ्याच्या. तो औषधांच्या कंपनीत आहे, मॉर्फिन म्हटल्याबरोबर त्याने स्वयंपाकघरात जाऊन अनारशांचा डबा उघडला. खसखस येते अफूच्याच बोंडातून. बियांत स्वतःत काही नसतं, पण बोंडाचा चीक, ज्यात मॉर्फिन असतं, तो त्यांना चिकटतो, आणि तो किती चिकटलाय ते पिशवीगणिक वेगळं. प्रयोगशाळेला दिसतं ते मॉर्फिनच. ते गोळीतून आलं की अनारशातून, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. त्यांना सांगणं हा एक वेगळाच कार्यक्रम झाला.

“म्हणजे मी काय पोरीला अफू खायला घातली का गं?”

“तसं नाही हो आई...”

“मग कसं? अनारशाला खसखस नाही लावायची तर काय लावायचं? तीळ?”

त्या दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. नातीशी मात्र सगळं ठीक होतं, तिने जाऊन आजीला मिठी मारली आणि “आजी, तू माझी डीलर” म्हणाली. सासूबाईंना डीलर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, ते बरं झालं.

आता फॉर्म. पोर्टलवर स्पष्टीकरण द्यायला एक फॉर्म होता. औषधाचं नाव, लिहून देणारे डॉक्टर, फार्मसीचा फोन, औषध घेतल्याची तारीख. चारही रकाने भरल्याशिवाय ‘सबमिट’चं बटण उजळत नाही. ‘इतर’ नाही. ‘खाद्यपदार्थ’ नाही. अनारशाचा डॉक्टर कोण लिहू? ग्राहक सेवेच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, प्रिस्क्रिप्शन नसेल तर फॉर्म भरू नका. मग स्पष्टीकरण कुठे देऊ? फॉर्ममध्ये. हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

शेवटी मी पत्र लिहिलं. काय खाल्लं, कोणत्या दिवशी, साधारण किती, खसखशीच्या पिशवीचा फोटो, अनारशांचा फोटो, आणि अनारसे म्हणजे काय याचा एक परिच्छेद. तांदूळ तीन दिवस भिजवतात इथपासून लिहिलं होतं, नवऱ्याने ते काढायला लावलं. पत्र कंपनीच्या फॅक्सवर पाठवलं. हो, फॅक्सवर. ईमेल कोणी वाचत नव्हतं, फॅक्स मात्र वाचला गेला, हे लक्षात ठेवा.

एम.आर.ओ.चा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, उठून बाहेर गेले. वयस्कर आवाज, अतिशय सभ्य माणूस. म्हणाले, “पॉपी सीड बेगल खाते का ती?” इतकी फोनाफोनी केल्यावर कळलं की या माणसाला सगळं आधीपासून माहीत आहे, फक्त बेगलच्या रूपात. मी म्हटलं, बेगल नाही, पण त्याच घराण्यातलं. त्यांनी पत्र वाचलं होतं. लेकीशी दोन मिनिटं बोलले, कोणतं औषध चालू आहे का विचारलं, हेरॉइनची खूण असलेला 6-एएम हा घटक नमुन्यात नव्हता हेही सांगितलं.

मग मी आकडा विचारला. मिलिलिटरला पाचशे नॅनोग्रॅमच्याही आत. आणि इथे माझं डोकं फिरलं. सरकारी नोकरांच्या आणि ट्रक ड्रायव्हरांच्या चाचणीत अफूजन्य पदार्थांची मर्यादा पूर्वी 300 होती. खसखस खाणारी माणसं त्यात अडकतात म्हणून 1998 मध्ये ती 2000 वर नेली. ट्रक चालवणाऱ्या माणसाचा हाच आकडा आला असता तर निकाल सरळ निगेटिव्ह, डॉक्टरांपर्यंत कागदही गेला नसता. आमच्या शाळेच्या कंत्राटात मात्र अजून 300 च आहे. का? एम.आर.ओ. म्हणाले, कंत्राटात जो आकडा लिहिलाय तो प्रयोगशाळा वापरते. म्हणजे चाळीस टनी ट्रकपेक्षा क्लॅरिनेट धोकादायक. त्यांनी त्याच दिवशी निकाल निगेटिव्ह म्हणून नोंदवला. फोन ठेवल्यावर मी पार्किंगमध्ये जाऊन थोडी रडले, मग मीटिंगमध्ये परत गेले.

तर, करायचं काय? ऑगस्टमध्ये सही करतानाच कंपनीचं नाव, एम.आर.ओ.च्या ऑफिसचा नंबर आणि फॅक्स मागून घ्या, फोनमध्ये नावासकट साठवा. अनोळखी नंबर आपण कोणीच उचलत नाही. ‘पॉझिटिव्ह आहे’ एवढ्यावर थांबू नका, कोणता पदार्थ, किती नॅनोग्रॅम आणि मर्यादा किती, हे तीन विचारा. मुलाला एकाग्रतेसाठी ॲडेरॉल चालू असेल तर ते ॲम्फेटामाइन म्हणून दिसणारच, प्रिस्क्रिप्शन हाताशी ठेवा. भारतातून आणलेल्या खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का ते बाटलीवर वाचा. आणि औषधांची यादी शाळेच्या रिसेप्शनवर अजिबात देऊ नका, ती डॉक्टरांनाच द्यायची. टेकमसेच्या खटल्यात मुलांच्या औषधांची माहिती इतर विद्यार्थ्यांना दिसेल अशी पडून होती, हीसुद्धा एक तक्रार होती. आपल्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे जास्तच जपा.

बँडचा सीझन संपेपर्यंत आमच्याकडे खसखस बंद आहे. फक्त अनारसे टाळून भागत नाही. करंजीचं सारण, डिंकाचे लाडू, मटणाचं वाटण, सगळीकडे ती असते.

पुढे मी स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलायला गेले. तीन मिनिटं मिळतात, घंटी वाजते. सुपरिंटेंडेंटनी 2010 चा केंद्र सरकारचा अभ्यास दाखवला : चाचणी असलेल्या शाळांत चाचणीखाली येणाऱ्या 16 टक्के मुलांनी मागच्या महिन्यात काही घेतल्याचं सांगितलं, नसलेल्या शाळांत तशाच मुलांपैकी 22 टक्के. खरं आहे. त्याच अभ्यासात चाचणीखाली नसलेल्या बाकीच्या मुलांवर काहीच परिणाम दिसला नव्हता आणि पुढे घेण्याचा इरादाही कमी झाला नव्हता, ते मी वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये शाळांमधल्या अशा चाचण्यांना विरोध केला, तेही सांगितलं. पण मला चाचणी बंद करून घ्यायची नव्हती. मी दोनच गोष्टी मागितल्या : मर्यादा 2000 करा आणि पेंडिंग असताना मुलाला बाहेर बसवू नका. दुसरी मान्य झाली. पहिलीसाठी कंत्राट संपायची वाट बघायची आहे.

शेवटचं, आणि हे आधी लिहायला हवं होतं : निकाल निगेटिव्ह झाल्याचं फोनवर ऐकून खूश होऊ नका, लेखी पत्र मागा. आमच्या इथे पोर्टलवरचं ‘पेंडिंग’ त्यानंतरही तसंच होतं. पत्राची प्रत मी स्वतः बँड डायरेक्टरच्या हातात दिली तेव्हा लेकीला युनिफॉर्म मिळाला, पुढच्या स्पर्धेची बस सुटायच्या जेमतेम आधी.