"डोळे मीट, येईल झोप" ऐकत मोठं झालेल्या सगळ्यांसाठी

लहानपणी रोज रात्री आई दिवा घालवून सांगायची, डोळे मीट येईल झोप, आणि मी मिटून पडायचे, एक वाजायचा दोन वाजायचे, डोक्यात उद्याचा पेपर, मांजरीची पिल्लं, कुठलंतरी गाणं असं सगळं एकदम चालू. सकाळी रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवतायत आणि मी अजून अंथरुणात. घरात सगळे आळशी म्हणायचे, मलाही ते खरंच वाटायचं आणि आता सगळ्यात जास्त तेच मनाला लागतं.

३१ व्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, म्हणजे मेंदूची अशी ठेवण की लक्ष एका जागी टिकत नाही. डॉक्टरांनी मी किती वाजता झोपायला जाते हे विचारलंच नाही, झोप येते किती वाजता ते विचारलं. मग समजावून सांगितलं की एडीएचडीवाल्या खूप जणांचं शरीराचं घड्याळच मागे असतं, रात्री मेंदूत जे मेलाटोनिन, म्हणजे झोपायची वेळ झाली असं शरीराला सांगणारं हार्मोन, तयार व्हायला लागतं ते साधारण दीड तास उशिरा, म्हणजे मी दहाला आडवी झाले तरी आत साडेआठच वाजलेले. मी तिथेच रडायला लागले.

रात्रीशी भांडण्यापेक्षा सकाळ पकडायची, हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. रोज सातला उठायचं, रविवारीसुद्धा, आणि अर्ध्या तासाच्या आत गच्चीवर, कारण सकाळच्या उजेडाने घड्याळ हळूहळू पुढे येतं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी जायचं, बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्तच असतो. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले, खोटं कशाला सांगू.

गोळीचं पण तसंच, मी उशिरा उठायचे म्हणून लाँग ॲक्टिंग मिथाइलफेनिडेट (एडीएचडीचं, बराच वेळ असर राहणारं औषध) अकराला घ्यायचे आणि तिचा असर रात्रीपर्यंत राहायचा. आता सव्वासातला घेते. पण काहींना उलट गोळी उतरल्यावरच बेचैनी येते त्यामुळे वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला, मेलाटोनिनच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका प्लीज, ते कधी आणि किती घेतो यावर सगळं अवलंबून असतं. संध्याकाळचा चहा बंद केला, कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास जातात. आणि हो, रात्री पडल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी ते कमी असू शकतं, माझं होतं.

आता साडेबाराच्या आसपास झोप लागते. दहा नाही, पण दोनही नाही.

बाबा पण आयुष्यभर रात्री उशिरापर्यंत रेडिओ कानाला लावून जागे असायचे. हल्ली सकाळी तेही गच्चीवर येतात, आणि परवा माझ्याकडे न बघताच विचारलं, "मलाही हेच असेल का गं?"