केबिनमधली हवा आणि डेकवरचे पाय: आराखड्याची तपासणी

विकतच्या आराखड्यावरून २६ फुटी शिडाची बोट बांधायला घेण्याआधी केबिन आणि डेकचा खऱ्या मापाचा प्लायवूडचा सांगाडा अंगणात उभा केलाय. आमच्या पवनी भागात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. हवा खेळते की नाही हे पाहायला याहून चांगली जागा नाही.

पुढचं हॅच, म्हणजे डेकमधलं झाकणाचं दार, उघडं असताना तक्रार नाही. पण समुद्रावर लाटा उसळल्या की ते बंदच राहणार. म्हणून ते लावून घेतलं आणि पुढच्या बर्थपाशी उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर गेला, छताला टेकून पसरला आणि तिथंच घुटमळत राहिला. मागचं दार सताड उघडं होतं, तरीही. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवतो आपण. आराखड्यात ती खिडकीच नाही.

उपाय जुनाच आहे, डोराड बॉक्स: हवा आत सोडणारी, पण पाणी बाहेरच ठेवणारी डेकवरची पेटी. बोटींचे आराखडे करणाऱ्या ऑलिन स्टीफन्सच्या १९३० सालच्या ‘डोराड’ बोटीवरून हे नाव पडलं. पेटीवरचा भोंगा आणि केबिनमध्ये उतरणारी नळी एकाखाली एक नसतात. नळीचं तोंड पेटीच्या तळापासून उंच असतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी तळाच्या भोकांतून डेकवर वाहून जातं आणि हवा तेवढी खाली उतरते. भोंगा वाऱ्याकडे पाठ करून फिरवला की तो आतली हवा ओढून घेतो. तात्पुरती पेटी बसवून तसं केलं, तर धूर लगेच तिकडे वळला.

खरा पेच पेटीच्या जागेचा. बाजूच्या डेकवर मांडलेली पेटी पाहून गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात डोंगा घालणारे आमचे काका म्हणाले, “पाय ठेवाले जागा कुठी हाय, भाऊ?” बरोबर आहे. कललेल्या, ओल्या डेकवरून डोलकाठीकडे जाताना पाय नेमका तिथंच अडकेल. आता पेट्या केबिनच्या छतावर, आणि त्यांच्यावर स्टेनलेस पाइपची कमान. दोर अडकणार नाहीत, हाताला आधारही मिळेल.

लाइफलाइन, म्हणजे डेकच्या कडेनं खांबांवर ताणलेली तार, आराखड्यात ४५० मिलिमीटरवर आहे. ८.५ मीटरपेक्षा लहान बोटींना वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या बोटींच्या जागतिक संघटनेच्या ऑफशोअर (खुल्या समुद्रातल्या शर्यतींच्या) नियमांत तेवढी चालते, पण ती गुडघ्याशी लागते आणि तोल गेलेला माणूस वरून बाहेर पडतो. मी ६०० धरणार. उंची वाढली की खांबाच्या बुडाशी ताण वाढतो, म्हणून लाकडी स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि डेकखाली जाड पट्टी.

गॅसची गळती मात्र डोराडनं निघत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला थेट बोटीबाहेर निघणारी नळी हवी, आणि तीही आराखड्यात नाही. पुढचं काम तेच.