एकशे एकातला एक

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात आमचं अक्षरजुळणीचं दुकान आहे. पत्रिका, स्मरणिका, क्लासच्या नोट्स, जे येईल ते. मुद्रितं तपासायचं काम माझं. त्या दिवशी चार फर्म्यांची एक पुस्तिका संध्याकाळी छापायला जायची होती. एका काकांच्या आईचं वर्षश्राद्ध. आईंच्या वहीतले तुकोबांचे 101 अभंग नातेवाइकांना वाटायचे होते. मुखपृष्ठावर आईंच्या देव्हाऱ्यातली तुकोबांची तसबीर. ते आधीच छापून आलं होतं, गठ्ठा टेबलाखाली पडला होता.

काकांची एक अट होती. प्रत्येक अभंगाखाली गाथेतला क्रमांक हवा. साडेचार हजारांवर अभंगांतून 101 हुडकायचे म्हणजे डोळ्यांचं पाणी. पण दुपारी दोनपर्यंत शंभर लागले. उरला एक: ‘आधी बीज एकले’.

पहिल्या चरणावरून शोधलं, नाही. ‘बीज’वरून शोधलं, नाही. ओळ कानात इतकी मुरलेली की गाथाच चुकत असणार असं वाटायला लागलं. शेवटी ‘तुका म्हणे’च्या ओळीवरून शोधायचं ठरवलं, तर तीही ओळ कुठे नाही. मग मूळ वही काढली. निळ्या शाईतलं गोल, दाबून लिहिलेलं अक्षर. या पानावर मात्र शेवटची, ‘तुका म्हणे’ची ओळ पेन्सिलीने, जराशी तिरकी. नंतर घातलेली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या गाण्यात तुकोबांची ‘तुका म्हणे’ ही मुद्राच नाही, कारण ते तुकोबांचं नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं गीत आहे ते. चाल केशवराव भोळ्यांची, आवाज खुद्द पडद्यावरच्या तुकोबांचा, विष्णुपंत पागनीसांचा. मी मराठी घेऊन एम.ए. केलंय, आणि मला हे आठवायला तीन तास लागले! गाथेत हे गाणं शोधणारी मी पहिली नव्हेच. जाणकारांनीही शोधल्याचे किस्से सांगतात. आईंना ती मुद्रा नसल्याचं खटकलं असणार, म्हणून त्यांनी आपल्या हाताने घालून टाकली. कानाने पक्क्या होत्या बाई.

काकांना फोन केला. ते धायरीहून स्कूटरवर अर्ध्या तासात हजर.

‘‘म्हणजे माझी आई चुकली म्हणता?’’

‘‘नाही काका. पण याला क्रमांक देता येणार नाही.’’

‘‘मग काढून टाका. श्राद्धाच्या पुस्तकात सिनेमाचं गाणं नको.’’

हे मात्र मला झोंबलं. ‘सिनेमाचं गाणं’ म्हणे! विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रणातले, शेख फत्तेलाल नेपथ्य-कलेतले. दोघं बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. दोघांनी मिळून हा चित्रपट दिग्दर्शित केला, तो इथेच, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभातच्या आवारात. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. आणि त्यातली तुकोबांची बायको, गौरी या नटीने केलेली जिजाई, विठोबाला ज्या तोंडाने फैलावर घेते, तसं बोलणारी बाई आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेलीय.

एवढं सगळं काही मी बोलले नाही. सालोमालोचं तेवढं बोलले. ‘‘काका, त्या सिनेमात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो, आठवतंय? आठवल्यांचं उलटं झालं. त्यांचं गाणं लोकांनी तुकोबांच्या नावावर चढवलं. आपण छापताना तरी ज्याचं त्याला द्यायला हवं.’’

काका वहीचं ते पान बघत बसले. पेन्सिलीच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘‘आई दळण निवडताना हेच म्हणायची. काढायचं नाही.’’

तसं ठेवायचं तर गीतावर हक्क कुणाचा, परवानगी कुणाची, हा प्रश्न होता. तुकोबांच्या अभंगांना तो येत नाही. एका संध्याकाळीत ते निस्तरणं शक्य नव्हतं. शेवटी तोडगा निघाला: गीत छापायचं नाही, त्या जागी वहीतल्या पानाच्या वरच्या कोपऱ्याचं छायाचित्र, फक्त पहिली ओळ दिसेल इतकं. खाली ‘गीत: शांताराम आठवले, चित्रपट: संत तुकाराम, 1936’. क्रमांकाच्या जागी आडवी रेघ. पेन्सिलीची ओळ छायाचित्रात येत नव्हती. काकांना ती घरच्यांपुरतीच ठेवायची होती.

साडेसहाला फाइल गेली. टेबल आवरताना मुखपृष्ठांचा गठ्ठा वर घेतला. हातात वीणा, कपाळी टिळा, नजर वर लागलेली. तसबीर जुनी, रंग भरलेली. उगाच भिंग लावलं.

पागनीस होते.

काका एव्हाना सिंहगड रस्त्याला लागले असतील. फोन उचलला, आणि परत ठेवून दिला.