गुणी बाळ

सहलीहून परतून आज पाचवा दिवस आहे. कपडे धुऊन झाले, बॅगेतली वाळूही बहुतेक झटकून झाली, पण आत्यांचे एक वाक्य डोक्यातून जात नाही. "किती गुणी आहे गं, चार दिवसांत एकदाही रडली नाही." त्यांनी ते अगदी मनापासून म्हटले होते. मीही हसून "हो ना" म्हटले, आणि तेव्हापासून स्वतःच्याच त्या "हो ना"पाशी अडखळते आहे.

ती खरेच रडली नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी मी जमिनीवर बॅग उघडून तिचे कपडे भरत होते, तेव्हा ती रांगत आली, बॅगेपाशी थांबली आणि गप्प झाली. विमान उतरू लागले की लहान मुलांचे कान दुखतात, कारण कानाला घशाशी जोडणारी नळी त्यांच्यात फार अरुंद असते आणि गिळण्याची क्रिया चालू राहिली तरच ती नीट उघडते. म्हणून मी दुधाची बाटली हाताशी ठेवली होती. मागच्या रांगेतल्या दोन बाळांनी भोकाड पसरले होते. आमची बाळ बाटली चोखत, माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत राहिली. नव्या खोलीत, नव्या पाळण्यातही तेच. मी घरची न धुतलेली चादर मुद्दाम नेली होती, झोपण्यापूर्वीचा सगळा क्रम घरच्यासारखाच ठेवला होता, आणि ती निमूट झोपली. सकाळी ज्याने हात पुढे केले त्याच्याकडे गेली. आठ-नऊ महिन्यांची मुले अनोळखी माणूस दिसला की बिचकतात, आईच्या कुशीत तोंड लपवतात. आमची दहा महिन्यांची आहे आणि तिने कुणालाच नाकारले नाही. सगळ्यांना त्याचे कोण कौतुक!

तिला आमच्याकडे येऊन अकरा आठवडे झाले आहेत. त्याआधीच्या काळात कागदोपत्री दोन जागा नोंदल्या आहेत. प्रत्येक वेळी तिच्या सामानाची एखादी पिशवी भरली गेली असणार आणि त्यानंतर ओळखीचे चेहरे तिला पुन्हा दिसले नसणार. तिला ते आठवत असेल का, की मी तिथे नव्हते तरी ते मलाच आठवते आहे?

समुपदेशक बाईंनी सांगितले होते की पहिले काही महिने भरवणे, न्हाऊ घालणे आणि निजवणे तुम्हा दोघांनीच करा, फार मांड्या बदलू देऊ नका, लांबचे प्रवास शक्यतो टाळा. आम्ही दोनदा टाळलाही. तिसऱ्यांदा सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्या आणि माझ्या मनानेही उचल खाल्ली, हे इथे तरी कबूल करायला हवे. इतकी वर्षे अशा प्रत्येक सहलीत दुसऱ्यांची मुले सांभाळली, दुसऱ्यांचे फोटो काढले. यंदा फोटोत आम्ही तिघे होतो, आणि त्यातल्या एकाही फोटोत मला माझा चेहरा निवांत दिसत नाही. पोटच्या मुलाचे गप्प राहणे हा त्याचा स्वभाव ठरतो. माझ्या मुलीच्या गप्प राहण्याचा मात्र अर्थ लावत बसावे लागते. हे अन्यायाचे आहे असे तेव्हा वाटले, अजूनही थोडे वाटते.

त्यात माझे वाचन. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९७० च्या सुमारास वर्षभराच्या बाळांचे एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते: परक्या खोलीत आई थोडा वेळ बाळाला सोडून जाते आणि परत येते, आणि ती परतल्यावर बाळ काय करते याला सर्वांत जास्त महत्त्व असते. काही बाळे आई गेली तरी रडत नाहीत आणि आल्यावर तिच्याकडे पाहतही नाहीत. पुढे अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा वरवर शांत दिसतानाही ते वाढलेले आढळले. ही घरी आयांनी करून पाहण्याची चाचणी नव्हे, हे मला कळते. तरीही तिसऱ्या रात्री सगळे किनाऱ्यावर गेलेले असताना मी अंधारात तिच्या छातीवर तळवा ठेवून घड्याळाकडे पाहत होते. मिनिटाला ११८. या वयात हे अगदी नेहमीचे आहे. मग सहज स्वतःची नाडी धरली तर ती १०४ भरली, आणि आमच्या दोघींपैकी कोण घाबरले आहे ते उघड झाले.

नवऱ्याला हे सांगितले तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, "तिनं दर वेळी पुरावाच द्यायला हवा का?" मी उत्तर दिले नाही. दत्तक आदेशाच्या प्रती तीन वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन फिरणारी मी, ज्यांपैकी एकही प्रत चार दिवसांत कुणी मागितली नाही आणि त्याचेही मला किंचित वाईटच वाटले, मी काय उत्तर देणार?

परवा रात्री अडीच वाजता ती जी रडू लागली ती तासभर थांबेना. त्याने उचलले तर माझ्याकडे झेपावे, मी घेतले की मलाच ढकलावे, सोडले की पुन्हा हात पसरावे. मी अक्षरशः आनंदाने येरझारा घालत होते. आता हिला हक्काने रडता येते, आता कुठे ही घरी आली, असे बरेच काही मनात रचून झाले. सकाळी खालच्या हिरडीतून दाताचे पांढरे टोक वर आलेले दिसले.

मी आत्यांना फोन करून दाताचे सांगितले. रडण्याचे नाही सांगितले.

बॅग अजून दिवाणखान्यातच आहे. ती माळ्यावर टाकावी असे रोज ठरते, पण कालपासून ती बॅगेची कड धरून उभी राहायला शिकते आहे, आणि रिकामी बॅग सारखी कलंडते म्हणून मी आत जुनी मासिके भरून ठेवली आहेत.